चौथ्या मजल्यावरचा संयम

संयम ही सुसंस्कृत समाजाची पहिली खूण आहे. हे वाक्य माझं नाही. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत नव्या लिफ्टच्या दारावर ते लॅमिनेट करून चिकटवलं होतं. त्याखाली बारीक अक्षरांत होतं : ‘उद्घाटनापर्यंत लिफ्ट बंद राहील. सहकार्य करावे.’

लिफ्ट तयार होती. चाचणी झाली होती, परवाना आला होता, आतला आरसाही पुसून ठेवला होता. पण तळमजल्याच्या दारावर लाल फीत बांधलेली होती आणि चावी चेअरमनच्या घरी होती. फीत कापायला ज्या पुढाऱ्यांना बोलावलं होतं, त्यांना वेळ मिळत नव्हता. तारीख दोनदा पुढे गेली होती.

आई चौथ्या मजल्यावर, माझ्याकडे. जुनी लिफ्ट उखडली तेव्हापासून ती खाली उतरली नव्हती. जिना तिच्या गुडघ्यांना झेपत नाही. वाकोल्याला तिची धाकटी बहीण. मावशीचा मुलगा तिला कायमची गावी, मालवणकडे नेणार होता, येत्या रविवारी. दोघींचं वय पाहता ही भेट चुकली तर पुढची धरून चालता येत नव्हती. फोनवर त्या रोज भांडत, पण फोनवरचं भांडण म्हणजे भेट नव्हे.

शनिवारी सकाळी मी पहिल्या मजल्यावर चेअरमनकडे गेलो.

“काका, एकदाच चालू करा. आईला खाली आणतो, मग घाला परत कुलूप.”

“अरे, एकाला दिलं की सगळे मागतील.”

“लिफ्ट सगळ्यांसाठीच आहे ना?”

“आहेच रे. पण पाहुण्यांच्या आधी कोणी बसलं तर ते बरं दिसत नाही. तू तर लिहिणारा-वाचणारा माणूस. जरा संयम ठेव.”

माझं डोकं फिरलं. संयम आईकडून शिकावा. ती मधुमेही आहे. आंब्याच्या दिवसांत सगळ्यांना फोडी करून देते आणि स्वतः बोटांचा वास घेऊन उठते. तिच्यावर कोणी सक्ती केलेली नाही. हात पुढे करायचा की नाही, हे तिचं ती ठरवते. संयम म्हणजे एवढंच : स्वतःचा लगाम स्वतःच्या हातात. दुसऱ्याचा लगाम आपण धरायचा आणि वर त्याच्याच सद्गुणाचं कौतुक करायचं, याला डांबून ठेवणं म्हणतात. पण ‘रहिवाशांनी डांबून घ्यावे’ असं लॅमिनेट करता येत नाही.

मी हे सगळं बोललो. चेअरमन मान डोलवत राहिले. भाषणं ऐकायची त्यांना सवय आहे.

तेवढ्यात जिन्याच्या पोकळीतून वरून आवाज आला. आई दाराबाहेर येऊन कठड्याला धरून उभी होती.

“अरे, त्याका विचार, आधी लिफ्टचा उद्घाटन आसा की माझा तेरावा?”

चेअरमनच्या बायकोने आत गॅस बंद केला. पदराला हात पुसत ती बाहेर आली, खुंटीवरची चावी घेतली आणि जिन्यात तोंड घालून ओरडली, “काकी, साडी बदला! मी चालू करते!”

“अगं, फीत!” चेअरमन म्हणाले.

“फीत तुमची. गुडघे त्यांचे.”

मी धावत वर गेलो. लिफ्ट आली. आईने आरशात पाहून कुंकू नीट केलं. तळमजल्यावर दार उघडलं, तर समोर, बरोबर छातीशी, लाल फीत. आईला वाकता येत नाही आणि चांगलं सॅटिन तोडणं तिच्या स्वभावात नाही. तिने आतूनच गाठ सोडवायला घेतली.

“ही गाठ कोणी मारली रे? परकराच्या नाडीला मारतात तशी!”

चेअरमन जिन्याने खाली आले होते. गाठ त्यांनीच मारली होती.

फीत सुटली. आईने तिची घडी करून पर्समध्ये टाकली आणि आम्ही रिक्षाने वाकोल्याला गेलो. दोघी बहिणी दुपारभर एकमेकींना नावं ठेवत बसल्या. निघताना मावशीच्या बॅगेची चेन तुटलेली दिसली, तेव्हा आईने तीच फीत काढून बॅग आवळून बांधली.

लिफ्टला परत कुलूप घालायची हिंमत मग कोणाला झाली नाही. ती रोज चालते. शेजारच्या भिंतीत संगमरवरी पाटी बसवली आहे, तिच्यावर उद्घाटक म्हणून पुढाऱ्यांचं नाव पदासकट कोरलं आहे. ते अजून आलेले नाहीत.