सातवी 'ब'चा तास

प्रश्न विचारून झाला की सर हातातला खडू शर्टाच्या खिशात टाकायचे, पहिल्या बाकाच्या कडेला टेकायचे आणि खिडकीबाहेर बघत बसायचे. ज्या मुलाला प्रश्न विचारला त्याच्याकडे मात्र बघायचे नाहीत. बघितलं की पोरगं घाबरतं, असं त्यांचं म्हणणं. कुणी मागून कुजबुजत उत्तर सुचवायला लागलं, की खिडकीकडे तोंड ठेवूनच म्हणायचे, "येतंय, येतंय. घाई नको."

आणि यायचं काहीच नाही. दोन मिनिटं जायची, तीन जायची. मी शेजारच्या वर्गात आठवीला इंग्रजी शिकवत असायची. मध्ये भिंत कसली, प्लायवूडचं पार्टिशन. शेजारच्या वर्गाच्या गोंगाटाने शिक्षक वैतागतात, हे तुम्ही पाहिलं असेल. मी शांततेने वैतागायची. एकदा तर मुख्याध्यापकांनी शिपाईमामांना पिटाळलं, सातवी 'ब'वर कुणी शिक्षक आहे की नाही ते बघायला. मामा डोकावले, तर पन्नास पोरं गप्प, एक मुलगा उभा आणि सर समोरच्या कडुनिंबाकडे बघत बसलेले. मामा परत येऊन म्हणाले, "सर हायेत. पन काय करून ऱ्हायलेत ते नाय कळलं."

मलाही कळत नव्हतं. पस्तीस मिनिटांचा तास, बावन्न मुलं. त्यात सर चार जणांना प्रश्न विचारणार आणि तीन जणांसाठी थांबणार. आमची शाळा पंचवटीतली, मराठी माध्यमाची. भाजीवाल्यांची, रिक्षावाल्यांची, मंदिरापुढे फुलं विकणाऱ्यांची मुलं. घरी इंग्रजीचा वारा नाही. पाचवी ते सातवी ही मुलं इंग्रजीला सरांच्या हाताखालून जायची आणि आठवीला माझ्याकडे यायची. निकाल माझ्या नावावर लागायचा. माझा जीव कशासाठी तुटत होता ते सांगायला नको.

त्यातून मी विषयप्रमुख. दर महिन्याला इंग्रजीच्या सराव पुस्तिका तपासायच्या, त्यांचे फोटो काढून वर शिक्षण खात्यातल्या साहेबांना पाठवायचे. सगळ्या वर्गांच्या पुस्तिका भरलेल्या, सातवी 'ब'च्या निम्म्या कोऱ्या. मी तो गठ्ठा सरांपुढे नेऊन आपटायची. सर बागलाणातले. नाशकात तीस वर्षं काढली, पण कुणी डिवचलं की त्यांची अहिराणी बाहेर यायची. गठ्ठ्याकडे बघून शांतपणे विचारायचे, "वही बोलस का, ताई?"

"वही बोलत नाही सर, पण साहेब बोलतात. आणि ते मला बोलतात!"

यावर ते हसायचे आणि माझ्यासाठी चहा मागवायचे. रागावलेल्या माणसाला चहा पाजणं ही त्यांची जुनी खोड होती. चहा पिऊन मी स्वतःच बसून चार-पाच पुस्तिका भरायची. हो, मुलांच्या पुस्तिका मी भरायची. अक्षर मुद्दाम वाकडं काढून. तुम्ही शिक्षक असाल तर हसू नका.

एका शनिवारी ते सातवीला रामकुंडावर घेऊन निघाले आणि मुख्याध्यापकांनी माझी नजर असावी म्हणून मलाही धाडलं. दक्षिणेकडून आलेल्या यात्रेकरूंच्या बसेस लागलेल्या. त्या लोकांना ना मराठी येत, ना धड हिंदी. सर मुलांना म्हणाले, "हे लोक अडलेले आहेत. जा, मदत करा." बस्स, एवढाच पाठ. एका आजोबांनी आमच्या एका मुलाला सीतागुंफेचा रस्ता विचारला. पोरगं हात हलवत सुरू झालं, "यू गो स्ट्रेट. देन नो स्ट्रेट. देन बिग ट्री. फाइव्ह ट्री." आजोबा मान डोलावत होते. मला राहवलं नाही. मी पुढे होऊन त्याचं वाक्य दुरुस्त केलं, अख्खं, व्यवस्थित, कर्ता-क्रियापदासकट. पोरगं गप्प झालं आणि शाळेत पोचेपर्यंत परत बोललं नाही.

परत येताना मी सरांना म्हटलं, "असलं इंग्रजी बोलायला शिकवताय तुम्ही?"

"ताई, ते आजोबा बरोबर रस्त्याने गेले का नाही?"

"गेले. पण वाक्य चुकीचं होतं."

"मग तुम्ही आजोबांना वाक्य द्यायचं होतं घरी न्यायला," सर म्हणाले आणि काकडीवाल्यापाशी थांबले. मला इतका राग आला की मी काकडी खाल्ली नाही.

त्याच वर्षी सातवी 'ब'मध्ये सुमन आली. आईवडील सुरगाण्याचे. मखमलाबाद रोडला एका इमारतीचं बांधकाम चाललं होतं, तिथे वडील राखणदार होते आणि तिथल्याच पत्र्याच्या खोलीत हे कुटुंब राहत होतं. मुलगी हुशार. गणितं पटापट सोडवायची. पण बोलायची नाही. इंग्रजी सोडा, मराठीतही हजेरीला नुसता हात वर. सरांनी तिला रोज एकच प्रश्न विचारायला सुरुवात केली, आज येताना काय पाहिलंस? इंग्रजीत विचारायचे, खडू खिशात टाकायचे आणि खिडकीकडे तोंड करायचे.

जून गेला, जुलै गेला, गणपती आले आणि गेले. दिवाळीच्या सुट्टीआधी एक दिवस पलीकडून बारीक आवाज आला, "डॉग."

मी पार्टिशनला कान लावला. आता सर टाळ्या वाजवायला लावतील असं वाटलं. छे. त्यांनी विचारलं, "व्हॉट कलर?" आणि पुन्हा सगळं शांत.

मधल्या सुट्टीत मी सगळ्यांसमोर म्हटलं, "अभिनंदन सर! पाच महिन्यांत एक कुत्रा!" अख्खी स्टाफरूम हसली. सरही हसले. डबा उघडत म्हणाले, "काळा होता तो." तिने रंगही सांगितला होता तर. पण तो मला ऐकू आला नव्हता.

दिवाळीनंतर तपासणी झाली. साहेबांनी नेमक्या सातवी 'ब'च्या पुस्तिका मागितल्या आणि मला लेखी अभिप्राय द्यायला सांगितला. मी खोटं काही लिहिलं नाही. पुस्तिका अपूर्ण, अभ्यासक्रम मागे, तासिकेचा वेळ वाया जातो. सही केली. आठवड्यात सरांकडून वर्ग काढून घेतला आणि सातवी 'ब' माझ्याकडे आली. सरांना निवृत्तीला सहा महिने उरले होते. त्यांना ऑफिसात बसवून ऑनलाइन माहिती भरायचं काम दिलं. ज्या माणसाला उत्तरासाठी पाच मिनिटं थांबायची सवय, त्याच्या पुढ्यात दर दोन मिनिटांनी बंद पडणारी वेबसाइट. तिथेही ते शांतच बसायचे, याचाही मला राग यायचा. भांडले असते तर मला बरं वाटलं असतं.

वर्ग सोपवताना त्यांनी मला ना टिपणं दिली, ना पुस्तक. फक्त सुमनबद्दल बोलले. इमारतीचं काम मार्चअखेर संपणार होतं. राखणदारी संपली की खोली जाणार, आणि मग हे कुटुंब मजुरीला मिळेल तिकडे. मुलीची शाळा तिथेच संपली असती. म्हणून सरांनी तिचा अर्ज एका निवासी शाळेत भरला होता, आठवीसाठी. राहणं, जेवण, सगळं तिथेच. लेखी परीक्षा ती पास होईल याची त्यांना खात्री होती. मार्चमध्ये तोंडी होती, आणि ती इंग्रजीतून.

"तिला उत्तरं देऊ नका ताई," सर म्हणाले. "वेळ द्या."

मी तिला चाळीस उत्तरं दिली. स्वच्छ अक्षरात लिहून, उच्चारासकट. माझं नाव, माझं गाव, माझा आवडता प्राणी, मला डॉक्टर का व्हायचं आहे. रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास घोकून घ्यायची. आणि पोरीने सगळी चाळीस पाठ केली. धडाधड म्हणायची. मी तिला मुद्दाम ऑफिसच्या दारातून नेलं आणि सरांसमोर म्हणायला लावलं. सरांनी सगळं ऐकून घेतलं. "छान," म्हणाले आणि पुन्हा स्क्रीनकडे वळले. मी मनात म्हटलं, जळतायत.

तोंडीच्या दिवशी सुमनचे वडील इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. मुलासोबत एका मोठ्या माणसाला आत बसू देत होते. ते दारातच अडखळले. "मॅडम, तुमीच बसा. आमाला काय कळतं त्यातलं."

मी तिच्या शेजारच्या खुर्चीत बसले. समोर तिघं. नाव विचारलं, गाव विचारलं, प्राणी विचारला. सुमनने उत्तरं अशी दिली की माझी छाती फुगली. मग मधल्या बाईंनी कागद बाजूला ठेवला आणि हसून विचारलं, तुझ्या आत्ताच्या शाळेतलं तुला सगळ्यात जास्त काय आवडतं?

चाळिसात हे नव्हतं.

सुमन गप्प झाली. बाई थांबल्या. त्या थांबल्या, हे मी आज सांगू शकते, तेव्हा मला दिसलं नाही. सुमनची नजर खाली नव्हती. ती समोरच्या खिडकीकडे बघत होती आणि तिचे ओठ हलायला लागले होते. किती वेळ गेला असेल? पंधरा सेकंद? वीस? मला ते सहन झालं नाही. वीस वर्षं शिकवतेय, वर्गात उत्तर अडलं की माझं तोंड आपोआप उघडतं. मी पुटपुटले, "लायब्ररी. से, आय लाइक लायब्ररी."

"मॅडम, प्लीज," बाई म्हणाल्या.

सुमनने माझ्याकडे पाहिलं. गुणी मुलगी. शिक्षकांनी सांगितलेलं ऐकणारी. वळून म्हणाली, "आय लाइक लायब्ररी."

"कोणतं पुस्तक वाचलंस?" बाईंनी लगेच विचारलं. आमच्या शाळेची लायब्ररी म्हणजे ऑफिसातलं एक लोखंडी कपाट, कुलूप लावलेलं. त्यातलं एकही पुस्तक त्या पोरीच्या हाताला लागलेलं नव्हतं. पुढच्या तीन प्रश्नांना ती एक अक्षर बोलली नाही. बाहेर आल्यावर वडिलांनी विचारलं, "झालं ना मॅडम बरोबर?" मी म्हटलं, हो, झालं.

निवड झालेल्यांच्या यादीत तिचं नाव नव्हतं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ते लोक खोली सोडून दिंडोरीकडे द्राक्षबागांच्या छाटणीला गेले. ती वार्षिक परीक्षेलाही आली नाही. वडिलांचा नंबर मी चार-पाचदा लावला, बंदच लागला.

सरांचा निरोप समारंभ शाळेच्या शेवटच्या दिवशी झाला. शाल, श्रीफळ, मुख्याध्यापकांचं भाषण. माझंही झालं. मी त्यांच्या संयमाचं कौतुक केलं, आणि बोलताना मला माझीच लाज वाटत होती. नंतर व्हरांड्यात ते रिक्षाची वाट बघत उभे होते. मी जवळ गेले. तोवर मी कुणाला सांगितलं नव्हतं. सगळ्यांना हेच माहीत होतं की मुलगी तोंडीत अडखळली. सरांना मी सगळं सांगितलं. प्रश्न, खिडकी, लायब्ररी, सगळं. मला वाटलं, आता तरी हा माणूस चिडेल.

ते चिडले नाहीत. शाल एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि खरोखरच जाणून घ्यायचं असल्यासारखं विचारलं, "काय सांगणार होती ती, ताई?"

मला माहीत नव्हतं. रिक्षा आली, सर बसले, निघून गेले. आता ते त्यांच्या गावी असतात. सुमन कुठे असते ते कुणालाच ठाऊक नाही. आमच्या शाळेतलं तिला काय आवडत होतं, ते मला अजूनही माहीत नाही.