डोझरला पावडर

हिंजवडीत आमच्या कंपनीची बस बंद पडली. शेजारच्या जागेवर एक मेकॅनिक जुन्या डोझरखाली उताणा पडला होता, म्हणून मी बघायला गेलो. गिअरबॉक्समधून तेल गळत होतं, पण नेमकं कुठून ते सापडत नव्हतं. संध्याकाळपर्यंत सापडलं नाही, तर मालक डोझर भंगारात देणार होता.

"सायेब, तोंडाची पावडर हाय का?" त्यानं माझा चेहरा निरखत विचारलं.

होती. ऑफिसातल्या पोरांत तरुण दिसावं म्हणून मी डबी बाळगायचो. हे गुपित आहे, असा माझा समज होता.

त्यानं गिअरबॉक्सचं लोखंड लख्ख पुसलं आणि न्हाऊ घातलेल्या बाळाला लावावी तशी पावडर थोपटली. इंजिन चालू ठेवून आम्ही नुसते बघत बसलो. त्या घरघरीत, पावडरीच्या वासात माझे डोळे मिटायला लागले. बस, ऑफिस, सगळं लांब कुठंतरी गेलं.

"तुमी कशाला लावता?"

"सुरकुत्या झाकायला."

त्यानं डोझरवर थाप मारली. "ह्या म्हातारीला झाकायचं न्हाई. कुठं दुखतंय, ते तिनं दाखवायचं."

तेवढ्यात एका रबरी सीलखालून पांढऱ्या पावडरीवर तेलाची बारीक रेघ उतरली.

नवं सील बसवून त्यानं डोझर पुन्हा चालू केला. बऱ्याच वेळानं खालची माती मुठीत घेऊन चोळली आणि कोरडा तळहात मला दाखवला.