स्वतःच्याच ठरावाविरुद्ध

बोलायला उभे राहिले की मिस्त्री आधी महापौरांकडे बघायचे नाहीत, माझ्याकडे बघायचे. मी पेन उचललंय याची खात्री झाली की म्हणायचे, "ताई, लिवून घ्या." मग भाषण सुरू.

मी तेव्हा पालिकेच्या सचिव विभागात होते. महासभा भरली की व्यासपीठाखालच्या टेबलावर बसून कोण काय बोललं ते टिपायचं आणि नंतर त्याचं इतिवृत्त तयार करायचं, हे माझं काम. तुम्ही कधी प्रेक्षक कक्षात बसून महासभा पाहिली असेल, तरी त्या टेबलावरची बाई तुमच्या लक्षात राहिली नसेल. नगरसेवकांच्याही राहत नसे. मिस्त्रींच्या राहिली.

ते उत्तनच्या बाजूच्या एका कोळीवाड्यातले. ख्रिस्ती कुटुंब, घरात पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी. थोरल्या भावाची होडी होती. यांनी मात्र होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचं काम धरलं. म्हणून सगळे त्यांना मिस्त्री म्हणायचे, सभागृहातसुद्धा. पांढरा, कडक इस्त्रीचा शर्ट घालून यायचे, पण नखांतलं काळं ऑइल काही जायचं नाही. अंदाजपत्रकाचं जाडजूड पुस्तक बहुतेक जण सभा संपल्यावर खुर्चीवरच ठेवून जात. मिस्त्रींच्या पुस्तकाच्या पानापानावर कोपऱ्यात अंगठ्याचा काळा ठसा असायचा.

ते निवडून आले होते एका वाक्यावर. त्यांच्या गावात नळाला तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी यायचं, तेही तासभर. घरपट्टीच्या बिलात मात्र पाण्याचा लाभकर न चुकता लागून यायचा. मिस्त्री प्रचारात म्हणायचे, "लाभ कुठं हाय तो दाखवा, मग कर घ्या." अपक्ष उभे राहिले आणि दोन्ही मोठ्या पक्षांना पाडून आले.

आल्या आल्या पहिल्याच महिन्यात त्यांनी ठराव दिला: किनाऱ्यावरच्या गावांना हा कर माफ करावा. त्यांच्या तोंडचं सगळं कार्यालयीन भाषेत बसवून दिलं ते मीच. खाली 'सूचक' म्हणून त्यांनी सही केली, पेन दाबून, शाळेतल्या मुलासारखी. पण तो ठराव विषयपत्रिकेवर आलाच नाही. फायलीत पडून राहिला.

मिस्त्रींनी मग दुसरं काम हातात घेतलं. गावात दवाखाना नव्हता. कुणाला काही झालं तर भाईंदरला न्यायला पाऊण तास, वाटेत उखडलेल्या रस्त्याचा हिशेब वेगळा. दोन वर्षं ते एकेका खात्याच्या दारात बसून राहिले. शेवटी दवाखाना उघडला. कंत्राटी डॉक्टर, दोन नर्स, संध्याकाळची ओपीडी आणि एक रुग्णवाहिका. तिच्यातून पहिली गेली ती त्यांच्या थोरल्या भावाची सून, बाळंतपणासाठी. त्या दिवशी त्यांनी सचिव विभागात पेढे वाटले. मला दोन दिले.

एका दुपारी ते अंदाजपत्रक घेऊन माझ्या टेबलाशी आले.

"ताई, हे तूट म्हंजे काय?"

"खर्च जास्त आणि उत्पन्न कमी."

"मग शेवटच्या पानावर शिल्लक कशी?"

मी समजावलं, की येणारं अनुदान, वसूल होणारी थकबाकी, हे सगळं आलंच असं धरून जमेला लिहितात. त्यांनी शिल्लकेच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"म्हंजे डिझेल अर्ध्या वाटेपुरतं हाय, अन होडी परत आली असं आधीच लिवून ठेवलंय."

मला हसू आलं. त्यांना नाही आलं.

तेव्हापासून सभागृहात त्यांचा सगळ्यांना त्रास व्हायला लागला. कुणी एका भाषणात घरपट्टी वाढवू नका म्हणायचं आणि त्याच भाषणात प्रत्येक चौकात कारंजं मागायचं. मिस्त्री उठायचे. "दोन्ही द्या साहेबांना, पन पैसे कुठनं ते पन लिवून घ्या, ताई." एकदा एकाने चिडून विचारलं, "मिस्त्री, तुम्ही आमच्या बाजूचे की त्यांच्या?"

"मी बेरजेच्या बाजूचा," ते म्हणाले आणि खाली बसले.

पाचव्या वर्षी, निवडणूक तोंडावर आली तेव्हा, तो जुना ठराव फायलीतून बाहेर निघाला. किनाऱ्यावरच्या गावांची मतं सगळ्यांनाच हवी होती. विषयपत्रिकेवर ठराव जसाच्या तसा छापला, सूचक म्हणून मिस्त्रींचं नाव. सोबत प्रशासनाची टिप्पणी जोडलेली: कर माफ केल्यास तेवढी तूट येईल, ती भरून काढण्यासाठी कंत्राटी खर्च कमी करावा लागेल. कुठला खर्च, तेही लिहिलं होतं. गावातल्या दवाखान्याची संध्याकाळची ओपीडी आणि रुग्णवाहिका.

ते कागद घेऊन आले आणि समोरच्या खुर्चीत बसले. घडी घातली, उघडली, परत घातली.

"ताई, माझं नाव काढता येल यातनं?"

"सभेत उभं राहून ठराव मागे घेता येतो. पण सभागृहाने परवानगी द्यायला हवी."

"अन न्हाय दिली तर?"

"मग मतदान होईल."

"म्हंजे माझ्याच ठरावावर मला हात वर करायला लागनार."

मी त्यांच्या हातातल्या ठरावाकडे पाहिलं. ती वाक्यं माझ्याच हातची होती.

पुढच्या रविवारी, चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर, त्यांनी गावात बैठक घेतली. मला म्हणाले, या, नुसतं बसा. नोकरीत असल्यामुळे मला बोलता येणार नव्हतं. मी मागे, बोंबील वाळत घातलेल्या बांबूच्या वलांडीपाशी एका प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले. त्यांनी कागद वाचून दाखवला. म्हणाले, "कर गेला तर दवाखाना जातो. दोन्ही एकदम मिळत न्हाय. तुमी सांगा, काय करू."

पहिली बोलली एक म्हातारी मासळीवाली. "पट्टी पन नको अन दवाखाना पन पायजे. त्याच्यासाठीच तुला पाठवला ना?" सगळे हसले. मिस्त्रीही हसले.

मग त्यांचा थोरला भाऊ उठला. तो ओरडला नाही, म्हणूनच ते माझ्या लक्षात राहिलं. "पानी न्हाय, तरी पानीपट्टी. पन्नास वर्सं आमचं आमी बघितलं, तेव्हा कोन आला न्हाय. आता ते टॉवर उभे राहिलेत, त्यांच्याकडनं घ्या. दवाखाना देतो म्हनून चुकीची पट्टी बरोबर होते काय? तू हेच बोलून निवडून आलास."

त्याचं चुकत नव्हतं. मिस्त्रींनी मान खाली घातली. "चुकीचीच हाय पट्टी," ते म्हणाले. "पन आज ती काढली तर टॉवरवाल्यांचं काय जात न्हाय. आपली गाडी जाते."

"मग तू कोनाचा?" भावाने विचारलं.

बैठक तिथेच मोडली. काहीच ठरलं नाही.

सभेच्या दिवशी विषय पुकारला गेला. मिस्त्री उठले. या वेळी त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ठराव मागे घ्यायची परवानगी मागितली. समोरून आवाज आले, आता तो सभागृहाचा ठराव आहे, मागे कसला घेता. विरोधी बाकांवरूनही तेच. गावांची मतं त्यांनाही हवी होती. परवानगी मिळाली नाही.

"मग दोन शब्द बोलतो," ते म्हणाले. "पाच वर्सांपूर्वी हे मी लिवलं तेव्हा मला यातलं काय कळत नव्हतं. माझ्या गावाला पट्टी लागते ती चुकीचीच हाय, ते आज पन बोलतो. पन त्या बदल्यात काय काढून घेताय ते त्याच कागदावर मागच्या बाजूला हाय. ते कोन वाचत न्हाय. मी वाचलंय. वाचून हात वर करनं मला जमनार न्हाय."

ठरावाच्या बाजूने सभागृहभर हात वर गेले. विरोधात किती, असं विचारल्यावर एकच हात. सभागृहात हशा पिकला. इतिवृत्तात मी लिहिलं: ठराव बहुमताने मंजूर, विरोधात एक मत, सूचकांचे. टायपिस्टने मला दोनदा विचारलं, मॅडम, हे बरोबर आहे ना?

त्यांच्या मताने काहीच अडलं नाही. कर माफ झाला. दोन महिन्यांत संध्याकाळची ओपीडी बंद झाली आणि रुग्णवाहिका दुसरीकडे गेली. गावात दोन्ही गोष्टी त्यांच्या नावावर लागल्या. पट्टी माफ होत होती तेव्हा यानेच विरोध केला, आणि दवाखाना गेला तोही याच्याच ठरावाने. दोन्ही म्हणणी कागदावर खरी होती. इंजिनं दुसऱ्या गावच्या मिस्त्रीकडे जायला लागली. भावाने बोलणं टाकलं. दोघांची घरं एका भिंतीची, दारं लागून. रोज सकाळी एकाच ओट्यावरून दोघं उतरायचे, एक आधी, दुसरा थांबून.

मुदत संपली. मग काही वर्षं निवडणूकच झाली नाही, कारभार प्रशासकांकडे गेला. सभागृहाला कुलूप लागलं, मलाही दुसऱ्या विभागात टाकलं. मिस्त्रींची आणि माझी भेट होण्याचं कारण राहिलं नाही.

नंतर एकदा भाईंदरला एका हॉस्पिटलच्या आवारात ते दिसले. माझ्या सासूबाईंचे रिपोर्ट आणायला मी जेसल पार्कच्या घरून गेले होते. दुपारचं ऊन होतं. एका जुन्या व्हॅनमध्ये स्टेअरिंगवर हात ठेवून ते बसलेले. केस पूर्ण पांढरे झाले होते. मागची सीट काढून तिथे आडवं झोपता येईल अशी फळी बसवली होती, शेजारी एक छोटी सीट.

"इंजिनं येत न्हाईत तर म्हटलं गाडी चालवतो," ते म्हणाले. "गावातनं कोन आजारी पडला की आनतो."

"गावातले तुम्हाला बोलावतात?"

"मला न्हाय. बायकोला फोन करतात. ती मला सांगते."

"आणि गाडीत? बोलतात का?"

"बोलायचं काय त्यात? पोचले म्हंजे झालं."

तेवढ्यात हॉस्पिटलच्या पायऱ्या उतरून त्यांचा थोरला भाऊ आला. वाळला होता, हातात एक्स-रेचं मोठं पाकीट. माझ्याकडे पाहून त्याने मान हलवली. पुढच्या सीटचं दार मिस्त्रींनी आतून उघडून ठेवलं होतं. त्याच्यासमोरून तो चालत मागे गेला, चढला आणि त्या छोट्या सीटवर बसला. मिस्त्रींनी हात लांब करून पुढचं दार ओढून घेतलं.

भावाने मागचं दार ओढलं. ते नीट लागलं नाही. मिस्त्री वळले नाहीत, गाडी चालू ठेवून समोर बघत थांबून राहिले. भावाने पाकीट मांडीवर ठेवलं, दोन्ही हातांनी दार पुन्हा ओढलं. या वेळी लागलं. तेव्हा कुठे व्हॅन हलली.