माशांवरचे गोचीड

त्या किड्यांना मी माशाच्या अंगावरून चिमट्याने ओढून काढायचो, शहाबादी फरशीवर ठेवायचो आणि अंगठ्याच्या नखाने चिरडायचो. मसुरीच्या निम्म्या डाळीएवढा जीव. चपटा, आरपार दिसणारा, वर डोळ्यांचे दोन काळे ठिपके. नखाखाली बारीक चट् असा आवाज व्हायचा आणि तो ऐकला की मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटायचं. एखादा सुटून फरशीच्या फटीत शिरलाच, तर काडेपेटीची काडी घालून त्याला बाहेर काढायचो आणि मग गरजेपेक्षा जास्त वेळ दाबून धरायचो.

ते मोठ्या दुष्काळाचं वर्ष. कोपरगाव तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी उसाचा रस तपासायचो. राहायला दोन खोल्यांचं क्वार्टर होतं आणि नवं लग्न झालं होतं. बाहेरच्या खोलीत स्टुलावर काचेची टाकी होती. लोखंडी अँगलची चौकट वर्कशॉपमधून जोडून घेतलेली, काचा मी स्वतः पुटीने बसवलेल्या. मुंबईहून चार सोनेरी मासे दुधाच्या किटलीत घालून रेल्वेने आणले होते. मनमाडला गाडी बदलताना एका माणसाचा पाय किटलीला लागला, तर मी भर फलाटावर त्याची कॉलर धरली होती. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असायचा. तो कुठून आला हे शोधायला मला लांब जावं लागत नव्हतं.

आबा, म्हणजे माझे वडील, तेव्हा आमच्याकडेच होते. आमचं गाव जामखेडच्या बाजूला. विहीर तळाला गेली, बैल विकावे लागले, आई दोन वर्षांपूर्वीच गेलेली. मग मी त्यांना घेऊन आलो. ज्या माणसाने आयुष्यात दिवसाउजेडी पाठ टेकली नव्हती, तो माणूस आता क्वार्टरच्या पायरीवर तंबाखू मळत बसायचा. पहिल्या दिवशी त्यांनी टाकीतल्या माशांकडे पाहिलंच नाही, पाण्याकडे पाहिलं. "येवढं पानी मासळीला?" इतकंच म्हणाले.

लहानपणी ह्याच आबांनी मला बैलाच्या कासऱ्याने फोडून काढलं होतं. एकदा नाही, महिन्यातून दोनदा-तीनदा. कारण काहीही पुरायचं. वासरू सुटलं, मोट उशिरा धरली, उलट बोललो. मार बसायचा त्याचं काही नाही, त्या काळी सगळ्यांनाच बसायचा. पण आबांचा मार सुरू झाला की थांबत नसे. आई मध्ये पडली तर तिच्यावरही तोच कासरा चालायचा. मी भिंतीकडे तोंड करून दोन्ही हातांनी डोकं झाकायचो आणि मनात शपथ घ्यायचो, की मी मोठा झालो तर हात उचलणार नाही. माणसावर तरी नाही.

टाकीतल्या किड्यांना मीच घरात आणलं होतं. पाटाला पाणी सुटलं तेव्हा काठची हिरवीगार पाणवेल मला आवडली, म्हणून शोभेला आणून टाकीत सोडली. आठवड्याभरात मासे दगडांना अंग घासू लागले. मग अंगावर लाल ठिपके उठले. नीट निरखून पाहिलं तेव्हा ते चिकटलेले किडे दिसले. मासा ओल्या फडक्यात धरायचा, चिमट्याने एकेक उपटायचा. आज दहा काढले की उद्या बारा. कामावरून आलो की माझा तोच उद्योग. बायको म्हणायची, मासे पाळलेत का वैर? मी पुढचा किडा चिमट्यात धरायचो, चट् आवाज ऐकायची मला घाई असायची.

एका सकाळी आबा शेजारी येऊन उभे राहिले. "काय झालंय रं त्यांला?"

"गोचीड झालेत, आबा," मी म्हणालो आणि डबा उचलून पाळीला निघालो.

त्या किड्याचं खरं नाव मला माहीत नव्हतं, ते पुढे कित्येक वर्षांनी कळलं. जनावराला चिकटून रक्त पितो तो गोचीड, एवढीच आमच्या घरची समज. म्हणून तो शब्द तोंडात आला. पण आबांनी तो ऐकला आणि त्यांचा चेहरा बदलला. "गोचीड व्हय? मंग त्यात काय," ते म्हणाले. गोचीड ही त्यांची विद्या होती. चार गावचे लोक आपली गुरं त्यांच्याकडे आणायचे. मोठे गोचीड उपटून ते निखाऱ्यावर टाकायचे, फटाफट फुटायचे. आणि बारीक गोचिडांना तंबाखूचं पाणी. हे सगळं मला ठाऊक होतं. सायकलवर टांग टाकताना मला त्यातलं काहीही आठवलं नाही.

साडेचारला परत आलो. टाकीतलं पाणी कोऱ्या चहासारखं झालं होतं. चारही मासे पोट वर करून तरंगत होते. त्यांतला एक अजून मधूनच कल्ला हलवत होता. आबा टाकीला लागून उकिडवे बसले होते, पुढ्यात रिकामी पितळी लोटी, आणि चंची उलटी करून झटकलेली. आपली सगळी तंबाखू त्यांनी भिजत घातली होती, धोतराच्या सोग्याने गाळून टाकीत ओतली होती.

"गोचीड समदे मेले बघ," त्यांनी मला काचेतून तळ दाखवला. तळाशी खरंच किडे पडले होते. "पर मासं आसं का करत्यात, त्ये काय कळंना."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. माझी मस्तकात गेली नाही, सरळ हातात आली. मी आबांच्या कानाखाली मारली. साठी उलटलेल्या माणसाच्या, सगळ्या ताकदीनिशी. डोक्याचा पटका उडाला. आबा भिंतीला जाऊन आपटले, तोंड भिंतीकडे केलं आणि दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं. ते तसं झाकताना पाहून तरी मी थांबायला हवं होतं. उलट मला चेव आला. मी हात पुन्हा उचलला. तो खाली आला नाही, कारण पिठाच्या हातांनी धावत आलेल्या बायकोने तो मनगटात धरला होता.

"अहो, बाप हाय त्यो," ती दबक्या आवाजात म्हणाली.

मी हिसडा दिला. तिच्या दोन बांगड्या फुटल्या. तिने नखं रोवली, पण मनगट सोडलं नाही. मी तिलाही ढकललं असतं. अर्धंअधिक ढकललंच होतं. ती माझ्या हाताला लोंबकळत राहिली आणि शेवटी मीच दमलो. आबा तोवर भिंतीकडे तोंड करूनच होते. डोक्यावरून हात काढायला त्यांना बराच वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी मी पाळीवरून आलो तेव्हा ते गावाकडे निघून गेले होते. बायकोने भाकरी बांधून दिली होती. मला तोंड दाखवायला जागा उरली नव्हती. गावात प्यायला पाणी नाही, घरात करून घालायला माणूस नाही, हे मला माहीत होतं. माझ्यामुळे हा म्हातारा तिथे मरेल, हाच विचार डोक्यात होता. पाचव्या दिवशी रजा टाकली आणि एसटीत बसलो.

आबा घरी नव्हते. गावाबाहेर दुष्काळी कामावर रस्त्याची खडी फोडत होते. त्यांनी मला पाहिलं, पण हातोडा थांबवला नाही. मी शेजारी बसलो. "आबा, चला घरी" एवढं म्हणायला मला फार वेळ लागला. माफी मागायला तर आमच्या घरात कुणाला येतच नव्हतं.

पुढ्यातला दगड फोडून झाल्यावर त्यांनी हातोडा बाजूला ठेवला.

"तुजं चुकलं," ते म्हणाले. "पर मी हितं रोज त्योच इचार करतोय. तू येक मारलीस आन थांबलास. मला कवाच थांबता आलं न्हाई. तुज्या आईला म्या लई मारलं. मला वाटायचं, पोरात बी ह्येच उतरलं आसंल. न्हाई उतरलं. लई बरं वाटलं बघ."

मी सदऱ्याची बाही मनगटावरच्या बायकोच्या नखांच्या खुणांवर ओढून घेतली. खरं सांगितलं असतं तर ते आले नसते.

आबांना घेऊन क्वार्टरवर पोचलो तेव्हा बायको दारात उभी होती. आबांनी उंबऱ्याबाहेरूनच तिला सांगितलं, "सूनबाई, तू नशिबाची हायेस. ह्येचा हात थांबतो."

तिने माझ्या बाहीने झाकलेल्या मनगटाकडे पाहिलं. मग "व्हय मामा" म्हणाली आणि त्यांना पाय धुवायला पाणी आणायला आत गेली.