टाळीसाहेबांचं कुटुंब

टाळीसाहेब टाळीशिवाय कोणतीही गोष्ट सुरू करत नसत. सकाळची सभा असो की कँटीनमधला वडा, आधी टाळी. "एकदा जोरात होऊन जाऊ दे!" म्हणत ते दोन्ही हात वर करत आणि साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतला आमचा गिअर बनवणारा विभाग ग्रीसने माखलेल्या हातांनी टाळ्या पिटत असे. मी तिथे भांडारात कारकून. कपाटाआड मी पुस्तक वाचतो हे त्यांना ठाऊक होतं. वाचनाला त्यांची हरकत नव्हती, पण टाळीतून सूट कधी मिळाली नाही.

ते आमचे प्रशिक्षण अधिकारी. मूळचे वाईचे, घाटावरच्या भटजींच्या घरातले. पूजा सांगायचं सोडून ते नेतृत्व सांगू लागले होते, पण चाल तीच राहिली होती. "कामगार पगारासाठी येतो, माणसासाठी टिकतो," हे ते असं म्हणत की ऐकणाऱ्याचा हात तीर्थासाठी आपोआप पुढे यावा. पगाराचा विषय कुणी काढलाच, तर ते सगळ्यांना फुगे फुगवायला सांगत.

त्यांची खरी परीक्षा नागपंचमीने घेतली. आमच्याकडची शिराळ्याची पोरं पंचमीला दरवर्षी गावी पळत आणि त्यांची मशीनं बंद राहत. त्या वर्षी मोठा माल नेमका त्याच आठवड्यात जायचा होता. मालकांनी साहेबांना बोलावून सांगितलं, "पंचमीला एक जरी मशीन थांबलं, तर तुमची नोकरी संपली."

साहेबांनी तातडीने शिबिर घेतलं. डोळ्यांवर पट्टी बांधून एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून चालायचं. डोळे मिटून मागे पडायचं, मागच्याने झेलायचं. शिराळ्याचा तानाजी अंगाने दांडगा. त्याला झेलताना तिघे खाली आले. शेवटी साहेब गहिवरून म्हणाले, "कंपनी म्हणजे कुटुंब. एकाचं सुख ते सगळ्यांचं!" टाळ्या झाल्या. पोरांचे डोळे ओले झाले. साहेबांना वाटलं, पंचमी जिंकली.

पंचमीच्या सकाळी शिराळ्याची पोरं आली नाहीत. बाकीचीही आली नाहीत. अख्ख्या विभागात साहेब, मी आणि एरवी कधी ऐकू न येणारी पंख्याची घरघर. तेवढ्यात तानाजीचा फोन आला.

"साहेब, कुठं हायसा तुमी? पुरणाची दिंडं गार व्हाय लागल्यात."

"अरे, बाकीचे सगळे कुठे आहेत?"

"हितंच की, आमच्या घरी! कुटुंब म्हणून तुमीच म्हणलाय न्हवं? मग घरच्या सणाला समद्यांना बोलवाय नको व्हय? आई तुमची वाट बघतीया."

साहेब बंद मशीनांकडे बघत राहिले. मला वाटलं, आता ओरडतील. पण ते एवढंच म्हणाले, "चला. पोरं पास झाली. आता मास्तर नापास व्हायला नको."

त्यांच्या जुन्या गाडीतून आम्ही शिराळ्याला पोचलो. तानाजीच्या घरी पंगत बसली होती. साहेबांच्या पानात दुसरं दिंड पडलं आणि मालकांचा फोन आला. "तुम्ही आहात कुठे?"

"कुटुंबात," साहेब म्हणाले.

टाळ्या पडल्या. पहिल्यांदाच, त्यांनी न मागता.

राहिलेला माल पोरांनी रविवारी येऊन पुरा केला. मालकांनी माल रवाना केला आणि साहेबांना काढलं. निरोपसमारंभ झाला नाही. माणसं जोडण्यावर आधीच पुष्कळ खर्च झाला होता म्हणे. नवे अधिकारी आले. त्यांच्याही शिबिरात पडद्यावर 'कंपनी म्हणजे कुटुंब' झळकलं. तानाजीने हात वर करून विचारलं, "मग पंचमीला येताय न्हवं?" त्यांनी रजेचे नियम वाचून दाखवले.

गेल्या महिन्यात साहेब गेले. कामाचा दिवस होता, तरी वाईच्या घाटावर अख्खा विभाग उभा होता. रजा कुणीच मागितली नव्हती. सगळं उरकलं, पण निघायला कुणी तयार होईना. काहीतरी राहिल्यासारखं वाटत होतं. तानाजीने सवयीने दोन्ही हात वर केले, जरा थांबला, आणि तसेच खाली आणून जोडले.