नऊ मजले जिन्याने

सानपाड्याच्या आमच्या ऑफिसात लिफ्ट चालवणारं सॉफ्टवेअर बनतं. तिथे नियम माझाच: काम चालू असताना, कोड मशीनच्या भाषेत बदलणाऱ्या कंपायलरचं ऑप्टिमायझेशन बंद ठेवायचं, म्हणजे चुका पटकन सापडतात. कोड वेगवान करणारी ती सोय फक्त डिलिव्हरीच्या दिवशी चालू करायची. टीममधली ज्युनियर म्हणाली होती, "सर, रोज एकदा ते चालू करूनही टेस्ट करूया ना." मी खेकसलो, "उगाच टेन्शन वाढवू नकोस."

डिलिव्हरीच्या दिवशी ते चालू केलं आणि टेस्टिंगची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्येच थांबली. बंद केलं, तर सुरळीत. म्हणजे चूक आमच्याच कोडमध्ये होती, ऑप्टिमायझेशनने ती फक्त उघडी पाडली. ज्युनियर म्हणाली, "दोन दिवस द्या, शोधते." मी दिले नाहीत. ऑप्टिमायझेशन बंद ठेवूनच सॉफ्टवेअर पाठवलं. साहेबांनी पाठ थोपटली.

गेल्या महिन्यात खारघरला आमच्या सोसायटीत नवी लिफ्ट बसली. आतलं सॉफ्टवेअर तेच. अजून एकदाही अडकली नाही म्हणून शेजारी माझं कौतुक करतात. डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय, असं बायकोला सांगून मी नऊ मजले जिन्याने चढतो.

ती आणि लेक लिफ्टनेच जातात.