माझ्या पासपोर्टवर त्यांचे युरो

सरांनी गाडीचं मागचं दार उघडलं, डिकीतून एक जुना टॉवेल काढला आणि सीटवर पसरला. मग म्हणाले, "हं, बस आता."

मी बसले. नवीन कव्हरं घातली असतील, मनाला म्हटलं. पण मी काही कारखान्यातून येत नव्हते. शनिवार होता. घरून निघाले होते, अंघोळ करून, इस्त्रीचा ड्रेस घालून. पुढच्या सीटवर त्यांची लॅपटॉपची बॅग होती. बॅगेखाली टॉवेल नव्हता.

माझी मैत्रीण म्हणते, तू फार संशयी आहेस, तुला सगळीकडे तेच दिसतं. दिसतं. तिला कुणी टॉवेलवर बसवलेलं नाही.

बंगळुरूत, यशवंतपूरच्या एका कारखान्यात मी तयार झालेले सुटे भाग तपासते. माप चुकलं की माल परत. मूळची निपाणीची. आई तंबाखूच्या वखारीत होती. कंपनीनं जर्मनीहून तपासणीचं नवीन मशिन मागवलं आणि ते शिकायला तिघांना पाठवायचं ठरलं: सर, एक इंजिनिअर आणि मी. मशिन पुढे मीच चालवणार होते, म्हणून मला नेणं भाग होतं. आमच्या घरात पासपोर्ट काढणारी मी पहिली.

सर मराठी. वडील सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून पुण्याहून बंगळुरूला आले, सरांचा जन्म इथलाच. मी नोकरीला लागले त्या आठवड्यात त्यांनी विचारलं होतं, "निपाणीची का? निपाणीत कुठं?" मी गल्ली सांगितली. "हां, हां," म्हणाले. बस. हा 'कुठं' आम्हाला लहानपणापासून पाठ आहे. आडनावावरून जात नाही कळली की गल्ली विचारतात. त्यानंतर सर माझ्याशी कायम हिंदीत बोलले. शेजारच्या टेबलावरच्या देशपांड्यांशी मराठीत, माझ्याशी हिंदीत.

व्हिसा आला आणि अचानक मराठी सुरू झालं. "परक्या देशात आपली माणसं आपणच सांभाळायची," म्हणाले. घरून डब्यातून चकल्या आणल्या. मी एक खाल्ली, आणि तेव्हापासून माझी झोप उडाली. या माणसाला माझ्याकडून काय हवंय?

इंजिनिअरचा पासपोर्ट त्याला परत मिळाला. माझा सरांच्या ड्रॉवरमध्येच राहिला. "हरवशील. विमानतळावर देतो." मग एके दिवशी सरांच्या खात्यातून माझ्या खात्यात मोठी रक्कम आली. सर म्हणाले, "भत्त्याचे आहेत. शनिवारी इंदिरानगरला जाऊन युरो घेऊ. नोटा मी सांभाळीन."

कंपनीचा भत्ता सरांच्या खात्यातून कसा येईल? मी इंजिनिअरला विचारलं. तो म्हणाला, "आपला भत्ता तर कंपनीनं कार्डावर भरलाय. तुझाही भरलाय."

म्हणजे गाडीत बसण्याआधीच मला कळलं होतं की काहीतरी शिजतंय. तरी बसले. टॉवेलवर बसले. कारण कोण जाणार, कोण नाही, हे सरांच्या हातात होतं, आणि मला जायचं होतं. खूप जायचं होतं. हे मी लपवणार नाही.

सिग्नलला थांबल्यावर मी विचारलं, "सर, हे पैसे कशाचे?"

आरशात माझ्याकडे न बघता त्यांनी सांगितलं. रोख नोटा माणशी ठरावीकच मिळतात. त्यांच्या घेऊन झाल्या. माझ्या वाट्याच्या तशाच पडून आहेत. "तुझ्या पासपोर्टवर घेऊ. तू पर्समध्ये ठेवायच्या. कुणी विचारलं तर माझ्याच आहेत म्हणायचं. तिकडं माझा मेव्हणा येईल, त्याला द्यायच्या. सगळेच करतात असं. तुझं काय जातंय?"

माझ्या डोळ्यांसमोर वखारीचं दार आलं. संध्याकाळी सुटी झाली की बायकांची रांग लागायची. मुकादम एकेकीला पदर झटकायला लावायचा. तंबाखू चोरून नेतात म्हणून. मी आईला आणायला जायचे, तेव्हा बघायचे. ओळखीच्या बायका, माझ्या आईच्या वयाच्या, हात वर करून उभ्या. मालकाची गाडी त्याच दारातून भरून बाहेर पडायची. तिला कुणी थांबवत नव्हतं.

आता मला विमानतळ दिसायला लागला. टेबलावर माझी पर्स उपडी केलेली. आणि सर केव्हाच पुढे गेलेले, मला ओळखतही नसल्यासारखे.

दुकान पहिल्या मजल्यावर होतं. काचेचं दार, आत गारवा, भिंतीवर डॉलर-युरोचे भाव. काउंटरवर मोगऱ्याचा गजरा माळलेली एक बाई होती. सरांनी खिशातून माझा पासपोर्ट काढून तिच्यापुढे ठेवला. ती इंग्रजीत विचारत होती, सर उत्तरं देत होते. कुठे जाणार, कशाला, किती दिवस. सगळं माझ्याबद्दल, आणि मी शेजारी उभी. बाईनं दोनदा माझ्याकडे पाहिलं. मग इंग्रजी सोडून सरळ मला म्हणाली, "मेडम, ई दुड्डु निम्देना?"

हे पैसे तुमचेच ना?

सरांचा जन्म बंगळुरूचा, पण त्यांचं कन्नड 'स्वल्प', म्हणजे थोडं, आणि 'सरी', म्हणजे बरं, यांच्या पुढे कधी गेलं नाही. "काय विचारतेय ती? हो म्हण," ते पुटपुटले.

आम्ही सीमेवरची माणसं. कन्नड माझ्या शाळेतलं, बाजारातलं. त्या बाईनं मला एक वाट काढून दिली होती, आणि आम्हा तिघांत ती वाट फक्त सरांना दिसत नव्हती. हो म्हटलं तर जर्मनी. नाही म्हटलं तर काहीच नाही.

"नंदल्ल, अक्का," मी म्हणाले. मग तेच सरांकडे वळून मराठीत सांगितलं, "सर, हे पैसे माझे नाहीत."

बाईनं पेन खाली ठेवलं. "मग आम्हाला देता येणार नाहीत," हे तिनं इंग्रजीत सांगितलं, सरांना कळावं म्हणून.

सर हसले. चेहरा हसराच ठेवला, मला प्रेमानं काही समजावत असल्यासारखा. आणि मराठीत, हळू आवाजात म्हणाले, "आयतं घ्यायची सवय आहे तुम्हा लोकांना. दुसऱ्याचं काम करायची वेळ आली की अक्कल फुटते. दया म्हणून नेत होतो तुला. पायरीवरच्यांना घरात घेतलं की असंच होतं."

इथून पुढे मी त्याला सर म्हणणार नाही.

"पासपोर्ट माझा आहे. द्या," मी म्हणाले. तो उचलायला त्यानं हात पुढे केला, पण बाईनं आधी उचलला आणि माझ्या हातात ठेवला. "सरी मेडम," एवढंच म्हणाली.

तो निघून गेला. मी तिथल्याच सोफ्यावर बसून त्याचे सगळे पैसे त्याच्या खात्यात परत पाठवले. पिन दोनदा चुकला. घरी जाताना मेट्रोत रडले. चारचौघांत, तोंड न लपवता.

सोमवारी समजलं, माझं नाव काढलंय. इंग्रजी कच्चं असल्याचं कारण दिलं. मी लेखी तक्रार दिली, त्याचे शब्द जसेच्या तसे घालून. एचआरच्या मॅडमनी बोलावून चहा पाजला. म्हणाल्या, तो म्हणतोय की मराठीत आम्ही असंच बोलतो, घरच्यासारखं, तो आमच्या भाषेचा लहेजा आहे. तू तक्रार मागे घे, पुढच्या वेळी सगळ्यात आधी तुला पाठवू.

आईला फोन केला. तिनं विचारलं, "गप्प बसलीस तर नेतील?"

"नेतील."

"मग बस की गप्प. नोकरी राख."

"नाही बसणार."

तिनं फोन ठेवला. अजून बोलत नाही माझ्याशी.

तो आणि इंजिनिअर जर्मनीला जाऊन आले. मशिनही आलंय. मला अजून त्याला हात लावू देत नाहीत. येत्या आठवड्यात चौकशी बसतेय. समितीत तिघं आहेत, तिघंही इथलेच, मराठी कुणालाच येत नाही. त्यावरच त्याची सगळी भिस्त आहे. मी ते शब्द त्याच्यासमोर मराठीत म्हणणार आहे, एकही न गाळता. मग एकेका शब्दाचा अर्थ समितीला कन्नडात सांगणार आहे. तो म्हणेल, हिला नीट सांगता येत नाही, लहेजा आहे तो आमचा. म्हणू दे. मी बाजूला होईन आणि म्हणेन, मग तुम्हीच सांगा यांना, पायरीवरचे म्हणजे कोण.